डाव्या दाराचं आतलं हँडल

दादासो विरकरांच्या गाडीला तसा कुठलाच आजार नव्हता. इंजिन सुरू व्हायचं, ब्रेक लागायचा, आणि उतार असला की ती अंगात आल्यासारखी पळायची. सेकंडहँड गाडी यापेक्षा जास्त काय करणार? दिवाळीत घेतली, आणि आठवडाभरात साताऱ्याच्या पोवई नाक्यावर भाजीला उतरताना डाव्या दाराचं आतलं हँडल मंगलच्या हातात आलं.

"आवं, हे निघालं," मंगल म्हणाली आणि तिनं ते बोटाएवढं काळं हँडल नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"निघालं कसं? तू ओढलंस म्हणून निघालं."

"ओढायसाठीच असतंय की ते."

दादासो पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. ज्याला उत्तर नाही त्यावर तूर्त काही बोलायचं नाही, ही शिस्त त्यांनी सगळी नोकरी पाळली होती. ते मुकाट्यानं खाली उतरले, गाडीला वळसा घालून पलीकडे गेले आणि बाहेरच्या हँडलनं दार उघडलं. बाहेरचं हँडल ठणठणीत होतं. मंगल पदर सावरत उतरली. नेमका तेव्हाच ऑफिसातला एक शिपाई सायकलवरून गेला आणि जाताना त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

खरी अडचण गोडोलीतल्या त्यांच्या कॉलनीत सुरू झाली. रोज संध्याकाळी गाडी फाटकातून आत यायची, दादासो उतरायचे, वळसा घालायचे, दार उघडून उभे राहायचे आणि मंगल उतरायची. आतलं हँडल मोडलंय हे वरून दिसत नाही. वरून एवढंच दिसायचं, की एक नवरा रोज बायकोसाठी दार उघडतो. कॉलनीतल्या बायका गॅलऱ्यांत येऊन हे पाहू लागल्या आणि घरोघरी जेवताना त्याची चर्चा होऊ लागली. शेजारचे राजरत्न बनसोडे टेलिफोन खात्यात होते. ते एका सकाळी काकुळतीला येऊन म्हणाले, "विरकर, ते दार तेवढं नीट करून घ्या हो. आमच्या आम्रपालीबाई परवापासून माझ्याशी तुटक बोलतात."

"तुमच्याकडं तर स्कूटर आहे."

"तेच म्हणतोय. स्कूटरला दार नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मन तर आहे ना?"

वरच्या मजल्यावरचे सयाजी सर शाळेत पीटी शिकवायचे. त्यांचा सल्ला झटपट असायचा. "दारच काढून टाका. जीपला कुठं दार असतं? हवा बी येती." राजरत्नांनी सुतळी सुचवली. सुतळीचं एक टोक आत, एक खिट्टीला, ओढलं की दार उघडलं. दादासोंनी दोन्ही सल्ले फेटाळले. कुठलंही काम योग्य मार्गानंच झालं पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. हँडल बसेल तर कंपनीचं, ओरिजिनल, आणि तेही कंपनीच्याच शोरूमचं. त्या कंपनीचं शोरूम तेव्हा साताऱ्यात नव्हतं. जवळचं म्हणजे सांगलीत.

एवढ्याशा हँडलसाठी सांगलीला कोण जातं, असं कुणीही म्हणेल. कॉलनीत सगळेच म्हणाले. पण दादासोंचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते घरात कोपऱ्यातल्या बाजेवर बसून तपकीर ओढत होतं.

ते कारण म्हणजे त्यांची आई, रंगुबाई. विरकर माण तालुक्यातल्या हिंगणमाळचे. दादासोंचे वडील हरिबा जन्मभर मेंढरं राखत फिरले. दिवाळी झाली की माणदेशातून निघायचं आणि उसाच्या मुलखात, कृष्णाकाठच्या रानांत खतासाठी मेंढरं बसवायची. घोड्यावर बिऱ्हाड लादलेलं असायचं: वाकळा, भांडी, कोंबड्या. आणि त्या घोड्याचा दोर धरून पुढं रंगुबाई चालायची. हरिबा गेले, मेंढरं चुलत्याकडं गेली आणि रंगुबाई साताऱ्यात लेकाकडं आली. पण गाडी आल्यापासून ती गाडीत एकदाही बसली नव्हती.

"घोड्यावर कोन बसतंय ठावं हाय का तुला?" ती लेकाला म्हणायची. "आजारी मानूस न्हाईतर दमल्यालं कोकरू. धडधाकट मानसानं चालायचं."

"आई, एसटीत बसतीस ती?"

"यष्टीत समदीच बसत्यात. त्यात काय लाज?"

दादासोंच्या मनात एकच गोष्ट होती. चैत्रात बिरोबाची जत्रा. गेल्या जत्रेत चुलतभाऊ भाऊसोनं जीप आणून देवळासमोर उभी केली होती आणि रंगुबाई एसटीच्या फाट्यावरून उन्हात चालत आली होती. कुणी काही बोललं नाही. पण "हापिसर लेक, आन् आय पायी" हे न बोललेलं वाक्य दादासोंनी स्पष्ट ऐकलं होतं. तेव्हाच त्यांनी ठरवलं, पुढच्या जत्रेला आई आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसून यायची. सगळ्या हिंगणमाळासमोर उतरायची.

महिनाभर मनधरणी केल्यावर रंगुबाई कशीबशी कबूल झाली. पण अट घालून.

"बसंन. पर दार माजं मी उगडनार आन् मीच उतरनार. भायेरनं कुनी उगडून मला उतरवून घ्यायचं न्हाई. उतरवून घेत्यात ते आजाऱ्याला."

पुढची सीट, डावं दार, आतून उघडणारं. सगळी जत्रा, सगळी अब्रू त्या मोडक्या हँडलला लटकली होती. म्हणून दादासो सांगलीला निघाले.

जाताना त्यांनी साताऱ्याचे कंदी पेढे घेतले. शोरूममध्ये ओळख नव्हती, आणि ओळख नसेल तिथं पेढ्यांची पुडी आधी आत जाते, हे सरकारी नोकरीत कुणाला शिकवावं लागत नाही. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत ते सांगलीला पोचले. शोरूम दृष्ट लागण्यासारखं होतं. फरशी अशी, की बूट काढावेत की काय असा विचार दादासोंच्या मनात येऊन गेला. टाय लावलेल्या एका तरुणानं गाडीची किल्ली नम्रपणे काढून घेतली आणि त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. गाडी आत गेली. नातेवाइकांनी ऑपरेशनच्या वेळी बसावं तसे दादासो बसून राहिले.

बऱ्याच वेळानं पार्टच्या खिडकीवरून हाक आली. तिथले आकाराम म्हणजे गोल चेहऱ्याचे, सदा हसतमुख गृहस्थ. दादासो भेटले तेवढ्या वेळा त्यांनी "येतंय की" सोडून दुसरं ठाम असं काही सांगितलं नाही.

"सायेब, हँडल हाय की. पर इथं न्हाई."

"मग कुठं आहे?"

"कंपनीत. मागवूया की. येतंय."

"कधी?"

"येतंय की," आकाराम म्हणाले आणि त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. "वा! साताऱ्याचा व्हय?"

हँडल नाही म्हणून दादासो रिकाम्या हातानं गाडीजवळ आले, तर गाडी चकाचक धुतलेली. त्यांनी धुवायला सांगितलं नव्हतं. "धुतल्याबिगर गाडी गेटाभायेर सोडत न्हाई सायेब," आकारामांनी खुलासा केला, "शोरूमचा नियम हाय." नियम म्हटल्यावर दादासोंचा विरोध मावळला. पाटबंधाऱ्याच्या माणसानं पाण्याबद्दल तक्रार तरी कोणत्या तोंडानं करावी?

पाणी कुठं शिरलं होतं ते आष्ट्याच्या पुढं कळलं. रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला. दादासोंनी हॉर्न वाजवला. नेहमी "पीं" करणारा तो हॉर्न घसा बसल्यासारखा लांबच लांब "ब्यँऽऽ" करून ओरडला. सगळी मेंढरं जागच्या जागी थांबली. दादासोंनी घाबरून पुन्हा दाबला. पुन्हा "ब्यँऽऽ." मग कळपातल्या दोन-चार आयांनी उत्तर दिलं, आणि पाहता पाहता सगळा कळप मायेनं गाडीला चिकटून उभा राहिला. एक कोकरू तर बॉनेटला डोकं घासायला लागलं.

मेंढपाळ काठी घेऊन धावत आला. "आवं सायेब, वराडनं थांबवा की! माजी मेंढरं गाडीमागं लागली!" मग त्यानं काचेतून आत पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आरं, दादा न्हवं तू? हरिबाचा?"

तो हिंगणमाळचा धुळा निघाला. आता माणदेशातला एक माणूस उसाच्या मुलखात भेटतो, ही आनंदाची गोष्ट. पण हाच माणूस जत्रेला गावी परत जाणार आणि काय सांगणार, हे दादासोंना तिथंच दिसलं. आमच्या घरातली मेंढरं सुटावीत म्हणून शिकलो, टायपिंगच्या परीक्षा दिल्या, हेडक्लार्क झालो, आणि शेवटी गाडी घेतली तर ती मेंढरासारखी ओरडते! रात्री जेवताना त्यांनी ही हकिगत उद्वेगानं घरी सांगितली. मंगल तोंडाला पदर लावून आत पळाली. रंगुबाई मात्र गंभीरपणे म्हणाली, "कसं वराडली, जरा करून दाव की." त्यांनी करून दाखवलं. "तान्ह्या पिल्लाची आय हाय," रंगुबाईनं निदान केलं.

महिन्याभरानं आम्रपालीबाई निरोप घेऊन आल्या. राजरत्नांकडं टेलिफोन असल्यानं शोरूमचा नंबर तोच दिलेला होता, त्यामुळं गाडीची प्रत्येक बातमी विरकरांच्या आधी बनसोडेंना आणि बनसोडेंच्या आधी गॅलरीला कळायची. "हँडल आलंय म्हणे. आणि जाताय तर येताना भडंग आणाल का? मागच्या खेपेला तुम्ही आणलेलं मुलांनी एका दिवसात संपवलं." गाडी सुटेपर्यंत कॉलनीतल्या प्रत्येक घराची भडंगाची मागणी आली. सयाजी सरांनी हळदही सांगितली.

सांगलीत आकारामांनी हसतमुखानं पाकीट फोडलं. हँडल कोरं करकरीत होतं, कंपनीचं होतं, आणि उजव्या दाराचं होतं.

"सायेब, उलटं बसवून बघू का?"

"उलटं बसवलं तर काय होईल?"

"दार दाबल्यावर उगडंल. वडल्यावर लागंल. सवय व्हतीया की."

दादासोंनी आईचा चेहरा डोळ्यांपुढं आणला आणि नकार दिला. हॉर्नची तक्रार मात्र सांगितली. मेकॅनिकनं तो उघडला, कोरड्या फडक्यानं पुसला, ऐकून पाहिला. छान "पीं" वाजला. मग नियमाप्रमाणं गाडी धुतली. परतीच्या वाटेवर "ब्यँऽऽ."

तिसऱ्या खेपेला, जत्रा अगदी तोंडावर आली असताना, डाव्या दाराचं हँडल मिळालं. त्या क्षणी दादासोंना आकारामांना मिठी मारावीशी वाटली. हँडल बसलं. ओढलं, दार उघडलं. लावलं, ओढलं, पुन्हा उघडलं. दादासो शोरूममध्ये त्या सीटवर बसून कितीतरी वेळ उतरत आणि चढत राहिले. टायवाला तरुण कौतुकानं पाहत उभा होता. आष्ट्याला पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हँडलसाठी दाराचं आतलं अस्तर उघडलं होतं, ते बसवताना काचेचं काहीतरी राहून गेलंय. डावी काच खाली गेली ती वर येईना.

साताऱ्यातून त्यांनी बनसोडेंच्या फोनवरून सांगलीला ट्रंककॉल लावावा तसं ओरडून विचारलं. "काचेचा पार्ट मागवूया की," आकारामांचा आनंदी आवाज आला. "येतंय!"

"नको," दादासो म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि दीर्घ श्वास घेतला. दार तर आतून उघडतंय. काच नसली तर नसली. चैत्रात काच लावून बसायचं तरी कुणाला?

जत्रेच्या दिवशी सकाळी सगळी कॉलनी फाटकात उभी राहिली. दादासोंनी आईला सीटवर बसवून उतरायची रंगीत तालीम घेतली. तिनं हँडल ओढलं, दार उघडलं, ती खाली उतरली. राजरत्नांनी टाळ्या वाजवल्या. मंगल मागं बसली, रंगुबाई पुन्हा पुढं बसली, आणि गाडी निघाली. उघड्या खिडकीतून धुरळा आत येत होता आणि रंगुबाई बाहेर टक लावून पाहत होती. मध्येच ती बोट दाखवायची, "हितं पानी हुतं," किंवा "ह्या बाभळीखाली घोडं बसलं हुतं माजं," आणि पुन्हा गप्प व्हायची. दादासोंना वाटलं, तिला बसणं आवडलेलं नाही.

हिंगणमाळला पोचायच्या आधीच्या खडबडीत रस्त्यानं हॉर्नमधलं उरलंसुरलं शोरूमचं पाणी जागं केलं. गावात शिरताना त्यांनी तो वाजवला मात्र, आणि धुळानं महिनाभर आधी पसरवलेली ख्याती खरी ठरली. पोरं ओरडत मागं धावली, आणि मेंढवाड्यांतली मेंढरं गळा काढून उत्तर द्यायला लागली. ढोल थांबले. देवळासमोर सगळी जत्रा गाडीकडं तोंड करून उभी राहिली, आणि भाऊसो सगळ्यात पुढं होता.

दादासोंनी गाडी थांबवली. ठरल्याप्रमाणं ते जागचे हलले नाहीत. स्टिअरिंग धरून समोर बघत बसले. शेजारी रंगुबाईनं पदर डोक्यावरून घेतला, खोचला, हँडल धरलं आणि ओढलं.

कट् असा आवाज झाला. हँडल तिच्या हातात आलं. कंपनीचं, ओरिजिनल, सांगलीहून तीन खेपा करून आणलेलं.

भाऊसो पुढं आला. "थांबा चुलती, मी उगडतो."

"हात लावू नगंस," रंगुबाई म्हणाली.

आपण आईची शोभा करण्यासाठीच जणू एवढा खटाटोप केला, असं दादासोंना वाटलं. "आई," ते कसेबसे म्हणाले, "चुकलं माझं. एसटीनंच आलो असतो."

रंगुबाई हातातल्या हँडलकडं पाहत होती. तेवढ्यात काठी टेकत तिची जुनी मैत्रीण बाळाबाई आली, काच नसलेल्या खिडकीत कोपर टेकवलं आणि म्हणाली, "रंगे, ब्येस दिसतीस की गं आत!" आणि तिनं हात घालून रंगुबाईच्या कपाळाला भंडारा लावला. मग दुसरी आली, तिसरी आली. बघता बघता खिडकीपुढं बायकांची रांग लागली. कुणी लेकरू दाखवलं, कुणी पाया पडलं, कुणी लाडू हातात कोंबला. देवळातल्या बिरोबापुढची रांग थोडी विरळ झाली हे नंतर पुजाऱ्यानंही बोलून दाखवलं. शेवटी धुळा आला आणि त्यानं सरळ एक कोकरूच खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवलं. "काकी, हे जरा धरा. उनानं दमलंय."

कोकरानं तिच्या पदरात तोंड खुपसलं आणि रंगुबाई हसली. इतकी मोकळी हसली, की मागच्या सीटवर मंगलचे डोळे भरून आले.

"दादा," ती हळूच म्हणाली, "तू पोटात हुतास, तवा ह्याच रस्त्यानं आलो. माजं पाय सुजून भोपळं झालं हुतं. तुजा बा रोज म्हनायचा, रंगू, वाईच घोड्यावर बस. म्या म्हनलं, म्या काय आजारी हाय? न्हाईच बसले. लय वायीट वाटायचं त्येला. घोड्याच्या मागं गप चालत ऱ्हायचा." तिनं कोकराच्या पाठीवरून हात फिरवला. "बसाया पायजे हुतं रं. त्येच्यासाटी तरी."

दादासोंना रडू येत होतं, आणि सगळ्या गावासमोर हेडक्लार्कनं रडावं का, याचा त्यांनी अजिबात विचार केला नाही.

ऊन कलेपर्यंत रंगुबाई गाडीतून हलली नाही. मग कोकरू धुळाला परत देऊन म्हणाली, "आता उगड. उतरव मला."

दादासो उतरले. सगळ्या हिंगणमाळासमोर गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दार उघडलं आणि दोन्ही हात पुढं केले. आईनं आपला सगळा भार त्या हातांवर टाकला. ती किती हलकी झालीय हे त्यांना तेव्हा कळलं.

देवळात रंगुबाईनं पाया पडून हँडल बिरोबापुढं ठेवलं आणि त्यावर भंडारा टाकला.

"आई, अगं ते ओरिजिनल आहे!" दादासो न राहवून म्हणाले.

"मग? देवाला डुप्लिकेट ठिवू व्हय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी "ब्यँऽऽ" करत कॉलनीच्या फाटकातून आत आली. गॅलऱ्या नेहमीप्रमाणं भरल्या. आम्रपालीबाईंनी वरूनच ओरडून सांगितलं, की शोरूमचा फोन होता, काचेचा पार्ट आलाय, कधी येताय विचारतात. "त्यांना सांगा, गाडी बरी आहे," दादासो म्हणाले. मग त्यांनी वळसा घातला, डावं दार उघडलं आणि आईला हात देऊन उतरवलं. आणि तसेच एक पाऊल मागं जाऊन त्यांनी मंगलचंही दार उघडलं.

"आवं, मागचं हँडल चांगलं हाय की," मंगल म्हणाली.

"असू दे," दादासो म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

वरच्या मजल्यावर सयाजी सरांनी, बायको बघायच्या आत, हळूच खिडकी लावून घेतली.